सर्व्हर माळ्यावर

"गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की कुडपणच्या माणसाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. "कुडपण" म्हणावं तर समोरचा कान पुढे करतो. "पोलादपूर तालुका" म्हणावं तर "महाबळेश्वरला जाताना लागतं ते?" असं विचारतो. लागतं ते पोलादपूर. कुडपण कुणाच्या वाटेत लागत नाही, तिथे मुद्दाम जावं लागतं. पावसाळ्यात धबधबा बघायला लोक मुद्दाम जातात आणि धुक्यामुळे धबधब्याचा नुसता आवाज ऐकून परत येतात. पण "तानाजी मालुसऱ्यांच्या शेलारमामांचं गाव" असं सांगितलं की समोरचा एकदम सरळ बसतो. त्यातून माझं आडनाव शेलार, आणि महाडला मला एक सख्खा भाचा. म्हणजे कागदोपत्री मी कुडपणचा शेलारमामा आहे. मूळ मामांनी म्हणे ऐंशीव्या वर्षी कोंढाण्यावर तलवार चालवली. मी मुंबईत बसून कीबोर्ड चालवतो.

ज्याचं पोट कॉम्प्युटरवर आहे अशा माणसाला गावाकडे फार मोठं खातं सांभाळावं लागतं. टीव्हीचा रिमोट, आधारला न जुळणारा मोबाइल, अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज, मुंबईच्या मंडळाच्या वर्गणीची पावती वाकडी का छापली गेली, हे सगळं माझ्याकडे. मी नक्की काय करतो हे कुणाला ठाऊक नाही. ते मलाही थोडक्यात सांगता येत नाही, म्हणून ही व्यवस्था चालू राहिली आहे. तेव्हा महाडहून दाजींचा फोन आला आणि त्यांनी "अरे, डेटाबेस कुठला घ्यावा?" असं विचारलं, त्याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या वाक्याचं. "तीन माणसं येऊन गेली. तिघं तीन सांगतात, आणि तिघंही बाकीच्या दोघांना चोर म्हणतात. म्हणजे विषय खरा असणार."

महाडच्या बाजारपेठेत दाजींचं दुकान आहे. सिमेंट, पत्रे, पाइप, रंग आणि "गोडाऊनमध्ये असेल तर बघतो" हा माल तिथे मिळतो. त्यांच्याकडे आधी सॉफ्टवेअर नव्हतं असं मुळीच नाही. नव्वदच्या दशकात गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी फॉक्सप्रोमध्ये बिलिंगचा प्रोग्राम लिहून दिला होता. निळा पडदा, पांढरी अक्षरं, नऊ पर्याय. माऊसला मज्जाव. दुकानाचे दिवाणजी एका बोटाने त्यात ज्या वेगाने बिल काढत, त्या वेगाने आजची पोरं दहा बोटांनी काढत नाहीत. वीज गेली की फॉक्सप्रोची इंडेक्सची फाइल बिघडे. वीज आल्यावर दिवाणजी नववा पर्याय दाबत, 'री-इंडेक्स'. ते चालू असताना गिऱ्हाइकाने बोलायचं नाही असा दंडक होता. री-इंडेक्स म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. यंत्राला वीज गेल्याचा धक्का बसतो आणि त्यातून सावरायला त्याला जरा शांतता लागते, अशी त्यांची समजूत होती. मी पुस्तकातून जे शिकलो ते याहून फार वेगळं नव्हतं.

फॉक्सप्रो मूळचं अमेरिकेतल्या ओहायोमधल्या फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीचं. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने अख्खी कंपनीच विकत घेतली, २००४ मध्ये शेवटची आवृत्ती काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्ट बंद करून टाकला. ही बातमी मी दिवाणजींना शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने सांगितली होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "चालू कधी होता?"

तेही खरंच. ओहायोहून महाडला कधी कुणी आलं नव्हतं. सर यायचे, तेही चहाच्या वेळेला.

त्या प्रोग्रामला पहिला तडाखा दिला जीएसटीने. १ जुलै २०१७ ला कर बदलला, तोवर सर पनवेलला मुलाकडे राहायला गेले होते. प्रोग्रामचा सोर्स कोड त्यांनी बरोबर नेला की क्लास बंद करताना तो रद्दीत गेला, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. पुढली चार वर्षं कॉम्प्युटर जुन्या कराचं बिल छापे आणि दिवाणजी ते बॉलपेनने खोडून वर नवा कर लिहीत. हिशेब कधी चुकला नाही, त्यामुळे ही पद्धत बदलावी असं दाजींना वाटलंही नाही.

दुसरा तडाखा पाण्याचा. महाडची गोष्ट अशी की वरून सावित्री आणि गांधारी पाऊस घेऊन उतरतात आणि खाडीला भरती असली की खालून समुद्र त्यांना जागा देत नाही. मग ते पाणी बाजारपेठेत येऊन थांबतं. दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती आणि तिच्या हिशेबाने कॉम्प्युटर उंच टेबलावर ठेवला होता. जुलै २०२१ च्या पाण्याने ती खूण वाचली नाही. त्या पुरावर हसायचा हक्क ज्यांनी चिखल उपसला त्यांचा, म्हणून मी एवढंच सांगतो: हार्डडिस्क पुन्हा बोलली नाही. दिवाणजींची कीर्द मात्र प्लास्टिकच्या पिशवीत होती. पानं सुटी करून पंख्याखाली वाळवली आणि बॉलपेनचा आकडा न् आकडा वाचता आला. त्या दिवसापासून दुकानात तंत्रज्ञानाच्या बाबतीत दिवाणजींचा शब्द माझ्या शब्दाच्या वर गेला. तो अजून तिथेच आहे.

दोन-तीन वर्षं कशीबशी ढकलल्यावर दाजींनी नवं सॉफ्टवेअर करायचं ठरवलं आणि ते तीन उमेदवार उगवले.

पहिला पुण्याहून चारचाकीतून आलेला विक्री प्रतिनिधी. त्याच्या कोटेशनवर ओरॅकल होतं. ओरॅकल ही मोठी चीज आहे यात शंका नाही, जगातल्या बँका त्याच्यावर झोपतात. १९७९ साली त्यांनी पहिला डेटाबेस बाजारात आणला, तेव्हा त्याला 'आवृत्ती २' असं नाव दिलं. पहिली आवृत्ती बाजारात आलीच नव्हती, पण कुठल्याही मालाची पहिली आवृत्ती गिऱ्हाईक घेत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ही गोष्ट मी दाजींना सांगितली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत प्रथमच त्या कंपनीविषयी आदर दिसला. "हे व्यापारी आहेत," ते म्हणाले.

आदर किमतीपर्यंत टिकला. सगळ्यात वरच्या आवृत्तीची छापील किंमत एका प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर, शिवाय दरवर्षी सपोर्टचे २२ टक्के. प्रोसेसर मोजण्याचीही त्यांची स्वतःची रीत आहे. आतले कोर मोजायचे, मग चिपच्या जातीप्रमाणे त्यांना अपूर्णांकाने गुणायचं. ते गणित प्रतिनिधीने फळ्यावर करून दाखवलं. दाजींच्या दुकानाला फार खालची आवृत्ती पुरली असती, पण त्याने सुरुवात वरूनच केली. ओरॅकलची एक छोटी फुकट आवृत्तीही आहे. ती विकून कुणाचं कमिशन सुटत नसल्यामुळे तिचा उल्लेख राहून गेला. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द पकडला. "छापील ना? म्हणजे घासाघीस होते." तीही होते. मोठी गिऱ्हाइकं ओरॅकलशी करतात ती घासाघीस महाडच्या मासळी बाजाराला लाजवेल, असं या धंद्यातली जुनी माणसं सांगतात.

दुसरा उमेदवार महाडचाच, मोटारसायकलवरून फिरून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा. त्याचं म्हणणं, सगळं विंडोजवर ठेवा आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर घ्या. त्याची 'एक्सप्रेस' आवृत्ती फुकट असते, अट एवढीच की डेटाबेस १० जीबीच्या पुढे जाता कामा नये. निदान अनेक वर्षं ती अट तेवढी होती. आता दहा जीबी म्हणजे किती? भाच्याने हिशेब मांडला. वीस वर्षांची सगळी बिलं, उधाऱ्या, मालाचे आवक-जावक धरले, तरी गेल्या शिमग्याच्या पालखीचा जो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतो आहे, त्याहून हे सगळं कमी जागेत बसतं. दाजींना वाईट वाटलं. आपल्या हयातभराच्या धंद्याने दोन-तीन चकत्या तरी भराव्यात अशी त्यांची अपेक्षा होती. व्यवसायाच्या सॉफ्टवेअरची चर्चा जगभर अशीच सुरू होते, बरं का. प्रत्येक दुकानदाराला वाटतं की आपला डेटा प्रचंड आहे, आणि ते खरं नाही असं सांगून कुठल्या विक्रेत्याचं पोट भरणार?

पोराच्या स्वतःच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी पुसट सूचना होती. ती कुणाला दिसत नाही, डोळे सरावतात.

तिसरा उमेदवार घरचाच, म्हणजे भाचा. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. या वयाच्या मुलाला विंडोज म्हणताना जरा शरम वाटते. त्याचं म्हणणं लिनक्स, आणि त्यावर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी. सगळं फुकट. दाजींचा फुकट या शब्दावर आयुष्यभराचा अविश्वास. "फुकट देतात त्यांचं भागतं कसं?" त्यांनी विचारलं. भाच्याने मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्वज्ञान सांगायला सुरुवात केली तेव्हा दाजी हळूच उठून गोडाऊनला गेले. मग मी त्याला म्हटलं, अरे, गोष्ट सांग.

गोष्ट अशी. फिनलंडच्या मॉन्टी विडेनियस या माणसाने मायएसक्यूएल लिहिलं आणि त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं. तिचं नाव My, इंग्रजीत वाचणाऱ्यांनी त्याचं 'माय' केलं. २००८ मध्ये सन कंपनीने मायएसक्यूएल १०० कोटी डॉलरला घेतलं. २०१० मध्ये ओरॅकलने सनच घेऊन टाकली. विडेनियसने त्याच कोडवरून नवा डेटाबेस काढला आणि त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारिया. मधल्या मुलाच्या, मॅक्सच्या नावाचाही एक डेटाबेस आहे. दाजी पाइपांच्या आडून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "म्हणजे थोरली मोठ्या घरी दिली, तेव्हापासून धाकटीला घरातच ठेवली." मायएसक्यूएलचा सगळा इतिहास इतक्या थोडक्यात मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

मग चिन्हं निघाली. मायएसक्यूएलचा डॉल्फिन, मारियाचा समुद्रसिंह, लिनक्सचा पेंग्विन, पोस्टग्रेसचा हत्ती. "पुरात डॉल्फिन बरा," दिवाणजी म्हणाले. पण दाजींची नजर हत्तीवर थांबली होती. भाद्रपद तोंडावर आलेला, गणपतीच्या मखराचं सामान काऊंटरवर आलेलं. त्या दिवसांत हत्तीला नाही म्हणणारा दुकानदार कोकणात शोधून सापडायचा नाही. पोस्टग्रेस बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ च्या सुमारास सुरू केलं, त्यांना पुढे ट्युरिंग पुरस्कार मिळाला, ते बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत चालतं, ही माझी सगळी माहिती वाया गेली. हत्तीने काम आधीच केलं होतं.

एवढ्यात दिवाणजींनी खरा प्रश्न काढला. "मराठी चालेल का?"

इथे मात्र तिन्ही उमेदवारांची परीक्षा होती. मोटारसायकलवाल्याने लॅपटॉपवर नमुना म्हणून एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक गिऱ्हाईक घातलं: शेलार, कुडपण. एंटर दाबलं. पडद्यावर उमटलं: पाच प्रश्नचिन्हं, स्वल्पविराम, पाच प्रश्नचिन्हं. नाव लिहिताना अवतरणाच्या आधी इंग्रजी 'एन' टाकायचा राहिला की तिथे देवनागरीची अशी दशा होते, हे त्या क्षेत्रातलं फार जुनं दुखणं. दिवाणजींनी वाकून बघितलं. "हे कोण?" पोरगा म्हणाला, "कुडपणचे शेलार." "त्यातले कुठले?" "सगळे असेच दिसतील."

भाचा हसला, तेव्हा मी त्याला त्याच्या मायएसक्यूएलची आठवण करून दिली. त्याच्या कंपनीचं मूळ स्वीडनचं. त्यामुळे २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत, तुम्ही मुद्दाम वेगळं काही सांगितलं नाही, तर ते अक्षरांचा क्रम स्वीडिश भाषेच्या नियमाने लावायचं. जगभरातल्या लाखो दुकानांच्या याद्या त्या काळात स्वीडिश शिस्तीत उभ्या होत्या आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. ओरॅकलचीही एक खोड. तिथे नावाच्या रकान्याला वीस ही मर्यादा घातली, तर ती सरळ हिशेबाने वीस बाइटची असते. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून. नुसतं 'शेलार' पंधरा बाइट. पुढे नाव घालायला जागा उरते ती एका अक्षराला, त्याच्या कान्यालाही नाही.

"मग इंग्रजीत लिहा," मोटारसायकलवाला म्हणाला. दिवाणजींनी काही न बोलता जुन्या बिलांची चळत पुढे केली. त्यात इंग्रजीतल्या एका पोलादपूरची पाच स्पेलिंगं होती, आणि ती पाचही खुद्द पोलादपूरच्या गिऱ्हाइकांनी सांगितलेली.

क्रमाचा घोळ युनिकोडमध्येही आहेच. आपल्याकडे ळ, क्ष, ज्ञ ही मंडळी वर्णमालेच्या शेवटी बसतात. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच मागे उभा आहे आणि क्षीरसागर सरळ क च्या रांगेत घुसतात. मराठीचा क्रम हवा असेल तर डेटाबेसला तसं बजावून सांगावं लागतं. पोस्टग्रेस ते ऐकतं. हत्तीचा आणखी एक गुण.

नावाचा प्रश्न सुटला तरी माणसाचा सुटेना. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी डेटा तक्त्यांत कसा मांडायचा याचा सिद्धांत लिहिला, आज ज्यावर सगळा धंदा उभा आहे. त्यात प्रत्येक ओळीला एक किल्ली लागते, जिच्यावरून ती ओळ एकमेव म्हणून ओळखता येईल. कॉड यांनी कुडपण बघितलेलं नव्हतं. अर्धं गाव शेलार. त्यात आजोबाचं नाव नातवाला, म्हणजे एका आड एक पिढीत तेच नाव, तेच वडिलांचं नाव. मोबाइल नंबर म्हणावा तर एका नंबरावर तीन घरं, कारण रेंज त्यांच्याच अंगणात येते. दिवाणजींच्या उधारीच्या वहीत ही अडचण कधी आलीच नव्हती. तिथे नोंदी अशा: कुडपणचा उंच. उंचाचा भाऊ. टेम्पोवाला. टेम्पोवाल्याचा सासरा, पैसे वेळेवर देतो. पत्रेवाला, पैसे देत नाही. एकही नोंद दुसरीसारखी नाही. भाच्याने वही दोनदा वाचली आणि निमूटपणे तक्त्यात एक रकाना वाढवला: 'ओळख'. रिकामा सोडता येणार नाही असा.

आता राहिला सर्व्हर कुठे ठेवायचा हा प्रश्न, आणि महाडमध्ये खरा प्रश्न तोच. विंडोज की लिनक्स हा वाद जगात चालतो. महाडमध्ये वाद चालतो तो तळमजला की पहिला मजला. पुण्याच्या प्रतिनिधीने हा मुद्दा एका झटक्यात निकालात काढला होता: क्लाउडवर ठेवा. ॲमेझॉनची मुंबईतली सर्व्हरांची व्यवस्था २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टची त्याच्या आदल्या वर्षापासून पुण्यात आणि मुंबईत आहे. तिथे पूर नाही, वीज जात नाही. दाजींना हे पटण्यासारखं होतं. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला असतोच, तसा सर्व्हरही चाकरमानी होईल. तिथे राहील, खाईल-पिईल, महिन्याचा खर्च सांगेल, त्या खर्चाचा हिशेब कुणाला कळणार नाही, आणि इकडून हाक मारली की उत्तर देईल. लाइन लागली तर.

लाइन हीच तर मेख. प्रतिनिधी म्हणाला, चार नव्वांची हमी आहे, ९९.९९ टक्के. भाच्याने गणित केलं: वर्षाला बंद राहायची मुभा साधारण ५२ मिनिटं. दाजींनी बाहेर रस्त्याकडे बघितलं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि तेव्हापासून या पट्ट्यात इंटरनेटचा खरा मालक जेसीबी आहे. मुंबईतला सर्व्हर ५२ मिनिटांच्या वर झोपणार नाही, हे मान्य. पण वडखळ ते पोलादपूर कुठेतरी एकाने दात टाकला की फायबर तुटते आणि चाकरमानी तिकडे टक्क जागा, दुकान इकडे आंधळं. शिवाय श्रावणात एका संध्याकाळी महाडची वीज अख्ख्या वर्षाच्या ५२ मिनिटांचा फडशा पाडते. नव्वा चार असोत की पाच, सावित्रीच्या खोऱ्यात त्या टिकत नाहीत.

मी मध्येच एसक्यूलाइटचं नाव काढलं. २००० साली रिचर्ड हिप हे अमेरिकेच्या नौदलाच्या एका विनाशिकेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्राम अडायचा, आणि दोष नसताना बोल त्यांच्या प्रोग्रामला लागायचा. तेव्हा त्यांनी सर्व्हर लागणारच नाही असा डेटाबेस लिहिला. सगळा डेटा एका फाइलमध्ये. आज तो प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. दिवाणजींच्या खिशातल्या फोनमध्येसुद्धा, हे ऐकून त्यांनी फोन काढून काऊंटरवर ठेवला. जहाजासाठी सुचलेला डेटाबेस महाडला शोभला असता. त्याची मर्यादा अशी की एका वेळी एकच जण लिहू शकतो. "मग अडचण कसली?" दिवाणजी म्हणाले, "लिहिणार मीच." दाजींना मात्र गोडाऊनमध्ये दुसरा काऊंटर हवा होता. दिवाणजींना तो नको होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा उघड झालं. दाजींनी विषय तिथेच थांबवला. डेटाबेसच्या निवडीत अशा घरगुती कारणांचा वाटा किती असतो, हे कुठल्याही तुलनेच्या कोष्टकात छापलेलं नसतं.

निकाल लागला तो दाजींच्या एका प्रश्नावर. तो त्यांनी तिघांनाही विचारला होता. "गणपतीच्या आदल्या रात्री बंद पडलं तर कोण येणार?"

प्रतिनिधी म्हणाला, तुम्हाला तिकीट नंबर मिळेल. दाजींनी विचारलं, कुठपर्यंतचं? भाचा म्हणाला, "पप्पा, पोस्टग्रेसला जगभरातले लोक उत्तर देतात. रात्री दोनलासुद्धा." "त्यातला महाडचा कोण?" मोटारसायकलवाला म्हणाला, "मी येतो. पाणी चढलं असेल तर चालत येतो." २०२१ मध्ये तो आला होता, हे दुकानातल्या सगळ्यांना आठवत होतं. त्याला पोस्टग्रेसमधलं काही येत नव्हतं, लिनक्स त्याने बघितलेलं नव्हतं. दाजी म्हणाले, "हा घ्यायचा. डेटाबेस नंतर ठरवू."

आणि तसंच झालं. भाच्याने त्याला दोन रविवार बसवून लिनक्स शिकवलं. त्याने सगळ्या आज्ञा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतल्या, त्यामुळे त्या दुकानात आता एकादशी बघायला कॅलेंडर उलटं करावं लागतं. जुना एक कॉम्प्युटर पुसून त्यावर पेंग्विन चढवला, पेंग्विनवर हत्ती. पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी एका नोंदवहीत लिहितं आणि मग मुख्य फाइलमध्ये उतरवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी अर्धवट बिल मागे राहत नाही, असं भाच्याने कौतुकाने सांगितलं. दिवाणजींनी विचारलं, "आधी कीर्द, मग खतावणी. दुसरी काय पद्धत असते?"

सर्व्हर माळ्यावर गेला. माळा ताईचा. तिथे आमसुलांच्या बरण्या, पाटे, गणपतीचा पाट आणि पापडांचे डबे. ताईने अटी घातल्या: वायर बरण्यांवरून जाणार नाही, आणि तो घरघरता डबा देवाच्या पाटाला पाठ करून बसणार नाही. सर्व्हर तिरका बसवला. पहिल्याच पावसात तिने शोध लावला की त्याच्या मागून गरम हवा येते आणि तिथे ठेवलेले सादळलेले पापड पुन्हा कुरकुरीत होतात. आता सर्व्हर बंद करायचा म्हटलं तर आधी तिला विचारावं लागतं. घरात उपकरण म्हणून त्याची खरी नेमणूक झाली ती तेव्हा. रोज रात्री डेटाची एक प्रत मुंबईला जाते, जेसीबीची मर्जी असेल तर. आणि दर शनिवारी एक प्रत पेनड्राइव्हमध्ये भरून कुडपणच्या कुणाही येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर वर आमच्या घरी. तिथे पाणी चढणं शक्य नाही, आणि रेंज नसल्यामुळे हॅकरही चढणं कठीण. मोठ्या कंपन्या अशा जागेसाठी फार पैसे मोजतात.

जुनं बंद करून नव्यावर जायचा दिवस ठरवताना मात्र मी अडून बसलो. म्हटलं, दोन-तीन महिने दोन्ही चालू ठेवा. वहीत लिहा, कॉम्प्युटरवर लिहा, ताळा घ्या. दाजी ऐकेनात. "अरे, तुम्ही कुडपणचे. गडावर चढल्यावर दोर कापणारी तुमची माणसं, आणि तू असा?" दोर सूर्याजींनी कापले असं सांगतात, आमच्या मामांनी नव्हे. पण हा खुलासा ऐकायला कुणी थांबलं नाही. पितृपक्ष संपल्यावर घटस्थापनेला नवं चालू, असं ठरलं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खाडाखोडीची नोंद ठेवणं सक्तीचं आहे. दाजींची कंपनी नाही, एकट्याचं दुकान आहे, तरी भाच्याने उत्साहाने ती सोय करून ठेवली होती. दाजींना कळल्यावर घरात दोन दिवस अबोला होता. तो काय बोलून मिटला ते मला कुणी सांगितलं नाही.

घटस्थापनेला सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. टेम्पोवाल्याचा सासरा, पैसे वेळेवर देतो. दिवाणजींनी एका बोटाने नाव लिहिलं, पडद्यावर ते शुद्ध देवनागरीत उमटलं. माल लिहिला, साठा कमी झाला, कर बरोबर लागला. माळ्यावर हत्तीने नोंद घेतली. सगळे श्वास रोखून बघत होते. दिवाणजींनी छापायचं बटण दाबलं.

काही झालं नाही. दुकानातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर फॉक्सप्रोच्या काळापासूनचा. पुरातून वाचला, कारण तो दुरुस्तीला म्हणून पोलादपूरला गेलेला होता. त्याला लिनक्स ठाऊक नव्हतं आणि देवनागरी तर त्याने जन्मात छापली नव्हती. तीन पक्ष, चार चिन्हं, कॉड आणि स्टोनब्रेकर, एवढ्या सगळ्या चर्चेत प्रिंटरचं नाव कुणी काढलं नव्हतं. गिऱ्हाईक हात पुढे करून उभं. मोटारसायकलवाल्याने प्रिंटरचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "याचा चार्ज वेगळा लागेल."

दिवाणजींनी खणातून बिलबुक आणि कार्बन काढला. दाजी माझ्याकडे वळले.

"तू आहेसच तर सांग," ते म्हणाले, "प्रिंटर कुठला घ्यावा?"